एकाच वॉटला किती फेरे? कॅडन्स प्रकल्पाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२५

प्रश्न आज पक्का केला. सायकलचा ‘कोणता कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) चांगला’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, कारण चांगला कशासाठी हे त्यात सांगितलेलंच नाही. मोजायच्या गोष्टी दोन आहेत. एक, ठरावीक काम करायला शरीराला किती ऊर्जा लागते. दोन, तेच काम किती वेळ रेटता येतं. दोन्हींचं उत्तर सारखंच येईल असं धरून चालायचं नाही. बहुतेक वाद या दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्यानेच होतात.

टप्पे चार: मिनिटाला ६०, ७५, ९० आणि १०५ फेरे. भार दोन: १०० आणि २०० वॉट. २०० वॉटची चाचणी फक्त त्यांनाच द्यायची ज्यांचा तासभर टिकणारा वॉट २५०च्या वर आहे. बाकीच्यांना १५०.

पायावर काय येतं त्याचा हिशोब आधीच मांडून ठेवला. वॉट म्हणजे टॉर्क (फिरवणारा जोर) गुणिले फिरण्याचा वेग. २०० वॉटला ६० फेऱ्यांवर टॉर्क ३१.८ न्यूटन-मीटर, ७५ वर २५.५, ९० वर २१.२, १०५ वर १८.२. क्रँक (पेडलचा दांडा) १७० मिलिमीटरचा धरला तर पेडलवरचा सरासरी जोर ६० वर १८७ न्यूटन (सुमारे १९ किलो) आणि १०५ वर १०७ न्यूटन (सुमारे ११ किलो). ही पूर्ण फेऱ्याची सरासरी आहे. प्रत्यक्षात बहुतेक जोर पेडल खाली जाताना लागतो, त्यामुळे त्या क्षणाचा आकडा सरासरीच्या जवळपास दुप्पट असतो.

म्हणजे कॅडन्स बदलला की जोर आणि फेरे यांची अदलाबदल होते, काम तेवढंच राहतं. स्नायूंना ही अदलाबदल फुकट पडत नाही, आणि आपल्याला मोजायचंय ते हेच.

९ ऑक्टोबर

व्यायामशाळेतल्या पट्ट्याच्या सायकलवर, म्हणजे मोनार्क पद्धतीच्या अर्गोमीटरवर, काम होईल का ते पाहिलं. होतं, पण एक सापळा आहे आणि कॉलेजचे निम्मे प्रकल्प त्यातच पडतात.

या यंत्रात पेडलच्या एका फेऱ्याला चाकाची कड ६ मीटर पुढे जाते. पट्ट्यावर २ किलोचा भार ठेवून ६० फेऱ्यांनी चालवलं तर २ × ६ × ६० = ७२० किलोग्रॅम-मीटर प्रति मिनिट, म्हणजे सुमारे ११८ वॉट. तोच भार ठेवून ९० फेऱ्यांनी चालवलं तर १७६ वॉट. भार न बदलता कॅडन्स वाढवला की काम दीडपट होतं. मग ऑक्सिजन जास्त लागला, ठोके वाढले, आणि ‘जास्त कॅडन्सला जास्त ऊर्जा लागते’ असा निष्कर्ष वहीत उतरतो. तो निष्कर्ष कॅडन्सबद्दलचा नसतोच.

वॉट कायम ठेवायचे असतील तर भार कॅडन्सच्या उलट प्रमाणात उतरवायचा. २०० वॉटसाठी सूत्र सोपं आहे: २०४ भागिले फेरे. ६० ला ३.४० किलो, ७५ ला २.७२, ९० ला २.२७, १०५ ला १.९४. १०० वॉटला याच्या निम्मे. पट्टा गरम झाला की भाराचा काटा सरकतो, म्हणून मिनिटामिनिटाला पाहून ठीक करावा लागतो. साखळी आणि बेअरिंगचं घर्षण या आकड्यात धरलेलं नसतं, त्यामुळे पायांनी केलेलं खरं काम थोडं जास्तच भरतं.

ठरवलं: मुख्य चाचण्या डायरेक्ट-ड्राइव्ह ट्रेनरवर (मागचं चाक काढून सायकल ज्यावर बसवतात ते यंत्र), वॉट मोजायचे क्रँकवर. अर्गोमीटर पडताळणीपुरता.

१४ ऑक्टोबर

पॉवर मीटरची तपासणी. हा दिवस वाया गेला असं वाटू शकतं, पण सगळ्या प्रकल्पात याहून महत्त्वाचं काम नाही.

मीटर टॉर्क मोजतो, त्याला फिरण्याच्या वेगाने गुणतो आणि वॉट दाखवतो. शून्य नीट घेतलं नसेल तर चूक टॉर्कमध्ये शिरते आणि कॅडन्सबरोबर वाढत जाते. शून्य अर्ध्या न्यूटन-मीटरने सरकलं असेल तर ६० फेऱ्यांवर ३.१ वॉटची चूक, ७५ वर ३.९, ९० वर ४.७ आणि १०५ वर ५.५. चूक वाढत जाणारी आणि एकाच दिशेची. म्हणजे कॅडन्सचा परिणाम शोधायला निघालेल्याला हुबेहूब परिणामासारखंच दिसणारं काहीतरी यंत्रच हातात देतं. चाचण्या वाढवून सरासरी काढली तरी हे जात नाही.

क्रम असा ठरवला:

सायकल ट्रेनरवर लावून दहा मिनिटं हलकं चालवायचं, म्हणजे क्रँक आणि आतले स्ट्रेन गेज (धातूचा ताण मोजणारे सेन्सर) खोलीच्या तापमानाला येतात. मग उतरून, क्रँक उभा ठेवून, पेडलवर पाय नसताना शून्य घ्यायचं. प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा शून्याचा आकडा पाहून लिहून ठेवायचा. सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्यात मोठा फरक असेल तर ती चाचणी बाद.

जोर वाढला की मीटरचा आकडा त्याच प्रमाणात वाढतो का, हे तपासण्यासाठी वजन टांगायचं. मागचा ब्रेक घट्ट बांधायचा, क्रँक पाणपातळीने आडवा करायचा, पेडलच्या आसाला ५ किलोचं तपासलेलं वजन लटकवायचं. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर टॉर्क ८.३४ न्यूटन-मीटर दिसला पाहिजे, १० किलोला १६.७. क्रँक आडवा नसेल तर आकडा कमी येतो. १० अंशांनी कललेला असेल तर दीड टक्क्याने. वजन म्हणून किराणा दुकानातली पिशवी चालणार नाही, वजनकाट्यावर ग्रॅमपर्यंत तपासलेलं हवं.

फक्त डाव्या पायाचं मोजून दुप्पट करणारे मीटर बाजूला ठेवले. दोन्ही पायांचा वाटा कॅडन्सनुसार बदलू शकतो, आणि तो बदल दुप्पट होऊन वॉटमध्ये उतरतो. पेडलमधला मीटर असेल तर पेडल टॉर्क पान्याने उत्पादकाने सांगितलेल्या मापालाच घट्ट करायचे. ‘हाताला घट्ट लागले’ हे माप नव्हे.

१७ ऑक्टोबर

ट्रेनरचा अर्ग मोड. वॉट ठरवून दिले की ट्रेनर कॅडन्स पाहून अवरोध आपोआप बदलतो. कॅडन्सच्या प्रयोगासाठी हे सोयीचं, पण ६० फेऱ्यांवर यात एक अडचण येते. थकून फेरे ६० वरून ५० वर आले की ट्रेनर वॉट टिकवायला टॉर्क वाढवतो, त्याने फेरे आणखी पडतात, टॉर्क आणखी वाढतो, आणि पाय अक्षरशः थांबतात. उपाय: फेरे ५५च्या खाली गेले की टप्पा तिथेच बंद करायचा. ‘कॅडन्स टिकला नाही’ अशी नोंद करायची, ‘दमला’ अशी नाही. दोन्ही वेगळं.

दुसरी गोष्ट फ्लायव्हीलची, म्हणजे ट्रेनरमधल्या जड चाकाची. एकाच गिअरवर ठेवून फेरे ६० वरून १०५ केले तर फ्लायव्हील पावणेदोन पट वेगाने फिरतं. जास्त वेगाचं जड चाक पेडलच्या वरच्या आणि खालच्या मृत बिंदूतून (जिथे पायाचा जोर फारसा लागू पडत नाही) पाय पुढे ओढून नेतं, सपाट रस्त्यासारखं वाटतं. कमी वेगावर घाटासारखं. म्हणजे एका प्रयोगात दोन गोष्टी बदलल्या. पुढचं ५० दात्यांचं चेनरिंग (दातेरी चक्र) आणि मागे ११ ते ३२ दात्यांच्या चक्रांचा संच, म्हणजे ११-३२ कॅसेट, असेल तर जोड्या छान जमतात: ६० ला मागे १६, ७५ ला २०, ९० ला २५, १०५ ला २८ दाते. मागचा आस अनुक्रमे मिनिटाला १८७.५, १८७.५, १८० आणि १८७.५ फेरे फिरतो. ५० वर २८ म्हणजे साखळी थोडी तिरकी, आवाज करते. पण वॉट क्रँकवर मोजतोय, साखळीच्या आधी, त्यामुळे मोजमापाला धक्का नाही.

२१ ऑक्टोबर

टप्प्यांचा क्रम. ६०, ७५, ९०, १०५ असा चढता क्रम सगळ्यांना दिला तर १०५ ला नेहमी थकलेले पाय आणि तापलेलं शरीर मिळणार. चार क्रम वाटून दिले: ६०-७५-१०५-९०, ७५-९०-६०-१०५, ९०-१०५-७५-६०, १०५-६०-९०-७५. यात प्रत्येक कॅडन्स प्रत्येक जागी एकदा येतो आणि कोणताही कॅडन्स दुसऱ्याच्या लगेच मागे एकदाच येतो. म्हणून माणसं चारच्या पटीत हवीत.

टप्पा सहा मिनिटांचा, हिशोबात शेवटची दोनच मिनिटं. हलक्या भाराला ऑक्सिजनचा आकडा साधारण तीन मिनिटांत स्थिर होतो. भार उंबरठ्याच्या, म्हणजे शरीर स्थिरपणे पेलू शकतं त्या पातळीच्या, वर गेला तर तो स्थिर होतच नाही, हळूहळू चढत राहतो, आणि मग ‘एका वॉटला किती ऑक्सिजन’ या प्रश्नाला एक उत्तर उरत नाही. दोन टप्प्यांमध्ये पाच मिनिटं ५० वॉटवर, कॅडन्स आपल्या मर्जीचा.

पंखा समोर आणि एकाच वेगावर. खोलीचं तापमान दर टप्प्याला लिहायचं. चाचणीआधी तीन तास खाणं नाही, चहा-कॉफी नाही. खोगिराची उंची प्रत्येकाची मोजून लिहायची: पेडल तळाला असताना गुडघ्याचा कोन २५ ते ३५ अंश. खोगीर उंच असेल तर १०५ वर कंबर डोलायला लागते, माणूस उड्या मारतो आणि त्या उड्यांचा खर्च कॅडन्सच्या नावावर जमा होतो.

२८ ऑक्टोबर

श्वासाच्या वायूंचा विश्लेषक. रोज सकाळी ३ लिटरच्या सिरिंजने प्रवाह तपासायचा, मंद, मध्यम आणि जोरात असा तिन्ही वेगांनी. मग ठरावीक मिश्रणाच्या सिलिंडरने सेन्सर. मास्क नाकाच्या कडेने गळतो, विशेषतः घाम आल्यावर. समोरून तळहाताने झाकून फुंकायला लावलं की गळती लगेच कळते. गळती असेल तर ऑक्सिजन कमी दिसतो आणि माणूस कागदावर विनाकारण काटकसरी ठरतो.

५ नोव्हेंबर

आकडे वाचायचे कसे, याची बैठक.

एक लिटर ऑक्सिजन म्हणजे साधारण २०.९ किलोज्यूल. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं सायकलसाठीचं सूत्र: दर किलो वजनामागे मिनिटाला लागणारे मिलिलिटर = १०.८ × वॉट ÷ वजन + ७. ७० किलोच्या माणसाला १०० वॉटला १.५७ लिटर, २०० वॉटला २.६५ लिटर. एकूण कार्यक्षमता, म्हणजे खर्चलेल्या ऊर्जेपैकी पेडलवर कामाला आलेला वाटा, १०० ला १८.३ टक्के, २०० ला २१.७ टक्के. माणूस तोच, तरी टक्का वाढला. कारण शरीर जिवंत ठेवायचा आणि पाय नुसते फिरवायचा खर्च दोन्हीकडे सारखाच. काम वाढलं की तो जास्त कामावर वाटला जातो. सूत्रात कॅडन्स कुठेच नाही, ते नेहमीच्या वेगांच्या सरासरीवर बेतलंय.

इथेच कॅडन्सचं सगळं गणित दडलंय. पेडलवर भार शून्य असला तरी पाय फिरवायला ऊर्जा लागते आणि फेरे वाढले की ती वाढते. समजा जास्त फेऱ्यांमुळे मिनिटाला ०.२ लिटर ऑक्सिजन जास्त गेला. १०० वॉटला ती १३ टक्के वाढ, २०० ला साडेसात. भार हलका असेल तर पाय फिरवण्याचा खर्च बोचतो. भार जड असेल तर उलट, कमी फेऱ्यांवर लागणारा प्रचंड जोर बोचतो, कारण मग वेगाने आकुंचन पावणारे, जास्त खाणारे स्नायूतंतू कामाला लावावे लागतात. म्हणून सर्वांत स्वस्त कॅडन्स वॉटबरोबर वर सरकतो. कोस्ट आणि वेल्च यांनी १९८५ मध्ये हे दाखवलं: १०० वॉटला स्वस्त कॅडन्स ५०च्या आसपास, ३०० ला ८०च्या जवळ.

आमच्या १०० वॉटच्या टप्प्यांत सगळ्यांचा ऑक्सिजन ६० ला सर्वांत कमी आणि १०५ ला ठळकपणे जास्त. २०० वॉटला ६० आणि ७५ मधला फरक मोजमापाच्या चुकीत विरघळतो, ९० थोडा वर, १०५ आणखी वर. अपेक्षेप्रमाणेच.

याच कारणाने ४४ दाते पुढे, १८ मागे असलेली साधी काळी सायकल ताशी १५ किलोमीटरने चालवणारा माणूस मिनिटाला ४६ फेरे मारतो आणि काहीही चुकीचं करत नाही. त्याच्या वॉटला तोच कॅडन्स परवडतो. त्याला ‘नव्वद फेरे मार’ सांगणं म्हणजे निव्वळ छळ.

दुसऱ्या टोकाला व्यावसायिक. लुसिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये व्यावसायिक सायकलपटूंना सरासरी ३६६ वॉटवर तपासलं, तर कार्यक्षमता ६० फेऱ्यांना २२.४ टक्के, ८० ला २३.६ आणि १०० ला २४.२. तिथे जास्त फेरे खरोखर स्वस्त. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या काळात शंभराच्या वर फिरवायची फॅशन आली. त्याची टूर द फ्रान्सची सात विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली गेली, फॅशन मात्र १५० वॉटवाल्यांच्या पायात राहिली.

७ नोव्हेंबर

हृदयाचे ठोके ऊर्जेचं माप म्हणून वापरणं बंद. ज्यांच्याकडे विश्लेषक नाही त्यांना हा मार्ग सोपा वाटतो, पण ठोके उन्हाने, पाणी कमी पडल्याने आणि नुसत्या वेळेनेही वर सरकतात, आणि जास्त फेऱ्यांवर ऑक्सिजनच्या मानाने जास्तच वाढताना दिसतात. त्याऐवजी ६ ते २०ची बोर्ग पट्टी (काम किती जड वाटतं ते माणसाने आकड्यात सांगायचं), आणि प्रश्न दोन वेगळे विचारायचे: पायाला किती जड, श्वासाला किती जड. ६० ला पायाचा आकडा वर, १०५ ला श्वासाचा. एकच ‘किती दमलास’ विचारलं की हा फरक हरवतो.

१८ नोव्हेंबर

टिकाव. इथून प्रश्न बदलतो.

ऑक्सिजनच्या हिशोबात ६०-७५ स्वस्त, तरी सराव असलेला सायकलस्वार आपणहून ९०च्या आसपास का फिरवतो? हॅगबर्ग आणि सहकाऱ्यांच्या १९८१च्या अभ्यासात शर्यतीच्या सायकलपटूंचा आवडता कॅडन्स सरासरी ९१ होता, माणसागणिक ७२ ते १०२. ताकाइशी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये स्नायूंचे विद्युतसंकेत पाहिले: ऑक्सिजन सर्वांत कमी ६०-७० फेऱ्यांना, पण मांडीच्या स्नायूची थकण्याची खूण सर्वांत कमी ८०-९० ला. पाय ऑक्सिजन वाचवत नाहीत, स्वतःला वाचवतात.

आल्क्विस्ट आणि सहकाऱ्यांच्या १९९२च्या प्रयोगात हे आणखी खोल दिसतं. कमाल क्षमतेच्या ८५ टक्क्यांवर अर्धा तास, एकदा ५० फेरे, एकदा १००. ऊर्जेचा खर्च सारखाच. पण ५० फेऱ्यांना वेगवान तंतूंमधला ग्लायकोजेन (साठवलेली साखर) जास्त रिकामा झाला. हे तंतू शेवटच्या चढाला आणि शेवटच्या स्प्रिंटला लागतात.

म्हणून टिकावाची चाचणी ‘थकेपर्यंत चालव’ अशी ठेवली नाही. तीत एकाच माणसाचा आकडा दिवसागणिक फार हलतो. त्याऐवजी: ठरलेल्या कॅडन्सवर ४५ मिनिटं ठरलेल्या वॉटला, लगेच पाच मिनिटं जमेल तेवढं जोरात, त्यात कॅडन्स मोकळा, अर्ग मोड बंद. मोजायचं ते या पाच मिनिटांतलं एकूण काम, किलोज्यूलमध्ये. दोन चाचण्यांमध्ये किमान ४८ तास. पडद्यावर वॉट आणि वेळ झाकायची, नाहीतर माणूस मागच्या आकड्याशी झुंजतो. आदल्या दिवशीचं जेवण दोन्ही वेळा तेच.

२ डिसेंबर

१०५ फेऱ्यांवर नवख्यांचा खर्च इतका का वाढतो, याचं एक कारण वेळेचं आहे. मेंदूचा संकेत ते स्नायूचा जोर यात साधारण ९० मिलिसेकंद जातात असं धरलं, तर ६० फेऱ्यांना तेवढ्या वेळात क्रँक ३२ अंश पुढे जातो, १०५ ला ५७ अंश. तितका आधी स्नायू चालू आणि बंद व्हायला हवा. सराव नसेल तर तो उशिरा सैल होतो आणि वर येणारा पाय दुसऱ्या पायाच्या जोरावर दाब देत राहतो. एक पाय दुसऱ्याला वर ढकलतो आणि वॉट दोघांच्या भांडणात जातात.

सराव: १०० वॉटला, आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटांचे चार तुकडे, नेहमीच्या कॅडन्सपेक्षा १० फेरे जास्त. कंबर डोलायला लागली की ५ फेरे कमी करायचे. हेच काम ३०० वॉटवर करू नये, तिथे फक्त धाप शिकायला मिळते.

९ डिसेंबर

घाटासाठी गिअर. सायकलस्वार आणि सायकल मिळून ८० किलो, ७ टक्के चढ, ताशी ८ किलोमीटर: सुमारे १३७ वॉट. ताशी १०: सुमारे १७२. ७०० × २८ टायरचा घेर २.१३६ मीटर.

३९ पुढे, २५ मागे: ताशी ८ ला ४० फेरे, ताशी १० ला ५०.
३४ वर २८: ५१ आणि ६४.
३४ वर ३२: ५९ आणि ७३.
३४ वर ३४: ६२ आणि ७८.
३० वर ३४: ७१ आणि ८८.

पहिल्या ओळीत १३७ वॉटला टॉर्क ३२.७ न्यूटन-मीटर, म्हणजे सपाटीवर २०० वॉटला ६० फेऱ्यांनी जेवढा लागतो त्याहून जास्त. घाटात गुडघ्याच्या वाटीभोवती दुखायला लागण्यामागे अनेकदा असला गिअर असतो आणि खोगीर विनाकारण वरखाली केलं जातं. व्यावसायिकांचाही कॅडन्स मोठ्या घाटात खाली येतो: लुसिया आणि सहकाऱ्यांच्या २००१च्या नोंदींत मोठ्या शर्यतींत सपाटीला सरासरी ८९, वेळेविरुद्धच्या शर्यतीत ९२ आणि उंच घाटात ७१. ते ७१ त्यांच्या वॉटला आहेत. १५० वॉटवाल्याला तिथवर पोचायलाच लहान गिअर लागतो. मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ होऊ पाहणाऱ्यांनी ३९-२५ ठेवलं तर समजू शकतं, ब्रेव्हेवाल्यांनी (ठरलेल्या वेळेत लांब अंतर पुरं करणाऱ्यांनी) ठेवू नये. मागे ३४ बसवताना आधी डिरेलरची (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची) दात्यांची मर्यादा पाहा आणि साखळी नव्याने मोजा. जुनी तोकडी साखळी पुढच्या-मागच्या सर्वांत मोठ्या चक्रांच्या जोडीवर ताणली की डिरेलर टांगलेला हँगर वाकतो.

१६ डिसेंबर

ब्रेव्हेसाठी आकडा काढून ठेवला. २०० वॉटला तासाचं काम ७२० किलोज्यूल. कार्यक्षमता २१.७ टक्के असेल तर सुमारे ७९३ किलोकॅलरी, एक टक्का घसरून २०.७ झाली तर ८३१. तासाला ३८ किलोकॅलरीचा फरक, म्हणजे साडेनऊ ग्रॅम कर्बोदकं. साडेतेरा तासांच्या मर्यादेत २०० किलोमीटर करणाऱ्याला हा फरक दोन घोट सरबताने भरून काढता येतो. मांडीतले वेगवान तंतू पहिल्याच घाटात रिकामे केले तर ते त्या दिवसात भरून येत नाहीत. त्यामुळे लांब अंतराला सल्ला: सपाटीला ८० ते ९०, थोडा ऑक्सिजन जास्त गेला तरी चालेल. घाटात ६५च्या खाली जायचं नाही, तेवढा गिअर नसेल तर वेग कमी करायचा.

राहिलेलं काम: १६५ आणि १७५ मिलिमीटर क्रँकवर २०० वॉटचे टप्पे पुन्हा. फेरे तेच ठेवले तरी पायाचा वेग बदलतो, ९० फेऱ्यांना सेकंदाला १.५६ आणि १.६५ मीटर. क्रँक बदलला की खोगीर तेवढ्या मिलिमीटरने वर-खाली करणं, मीटरमध्ये क्रँकची लांबी बदलणं आणि वजन टांगून पुन्हा तपासणं, याच क्रमाने.